दात पाहून बैल घेता, क्वार्टरबॅक काय पाहून घेता?

मागच्या अंकात मी अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टबद्दल लिहिलं होतं, म्हणजे तिथल्या एनएफएल नावाच्या व्यावसायिक लीगच्या टीमा कॉलेजातल्या पोरांना कसं उचलतात ते. मला वाटलं दोन-तीन पत्रं येतील, पण यवतमाळ, वर्धा, अमरावती, गडचिरोलीकडून एवढे प्रश्न आले की या वेळचा कॉलम पूर्ण त्यालाच देऊन टाकतो. बहुतेकांनी क्वार्टरबॅकबद्दलच विचारलं आहे अन् ते बरोबरच आहे, त्या खेळात त्याच्याएवढी अवघड पारख दुसऱ्या कोणाचीच नाही.

दारव्ह्याहून एक वाचक: भाऊ, हा ड्राफ्ट म्हंजे आपल्या आयपीएलच्या लिलावासारखाच का? अन् क्वार्टरबॅक म्हंजे नेमका कोण, कॅप्टन का?

लिलाव नाही दादा, बोली लागतच नाही. टीमा ३२, फेऱ्या ७, अन् मागच्या सीझनला जिनं सगळ्यात जास्त मार खाल्ला तिचा नंबर पहिला. ज्या टीमनं नाव घेतलं तिथंच पोराला जा लागते. पैसाही कितव्या नंबरला गेला त्यावरून जवळपास ठरलेला असते, हे २०११ पासून आलं, कारण त्याच्या आदल्या वर्षी सॅम ब्रॅडफर्ड नावाच्या पोराला लीगची एकही मॅच न खेळता ५ कोटी डॉलरची हमी भेटली होती अन् जुने खेळाडू, मालक सगळेच चिडले होते. पुढच्या वर्षी पहिला गेलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा पूर्ण करारच २.२ कोटी डॉलरचा झाला.

क्वार्टरबॅक म्हणजे दर चालीला बॉल पहिले ज्याच्या हातात येते तो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवं पाडायला धावून येऊन राहिले असतात अन् त्याला अडीच-तीन सेकंदांत ठरवा लागते की पुढं पळणाऱ्या आपल्या चार-पाच जणांपैकी कोणाकडे फेकू, का स्वतःच पळू, का बॉल बाहेर फेकून देऊ. कबड्डीत रेडर जसा एकटा आत जाते तसा तो एकटा, फक्त रेडरला तीस सेकंद भेटतात. कोचचा आवाज त्याच्या हेल्मेटमध्ये येते खरा, पण चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होते, त्यानंतर जे काय आहे ते त्याच्या डोक्यात.

आर्वीकडचे एक शेतकरी वाचक: मी आयुष्यात बैलबाजार लय केले. दात, खूर, चाल पाहून गोऱ्हा घेतो, दहातले आठ बरोबर निघतात. तिकडे एवढा पैसा, एवढे कॅमेरे, तरी पहिल्या-दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक फसते काहून?

काका, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तुम्ही दात पाहता कारण दातावरून वय खरंच समजते. पण बाजारात अंगावरचा भोवरा पाहून सौदा मोडणारेही तुम्ही पाहिले असतील, चांगला कामाचा बैल, भोवरा जागेवर नाही म्हणून नाही घेतला. अमेरिकेत दात पाहणारे आहेत अन् भोवरा पाहणारेही आहेत, अन् दोघंही एकाच टेबलावर बसतात, तिथं गडबड होते.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या आसपास इंडियानापोलिस शहरात पोरांची मोजणी होते. उंची, वजन, ४० यार्डांची धाव, अन् हाताची वीत. हो, आपली अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीतच, ती इंचात मोजतात. ती ९ इंचाच्या आसपास भरली की लगेच चर्चा सुरू, थंडीत बॉल सुटेल, पावसात सुटेल. २०२० ला जो बरो नावाच्या पोराची वीत बरोबर ९ इंच भरली अन् कित्येक दिवस तेच चाललं. सिनसिनाटीच्या टीमनं त्याला तरी पहिल्या नंबरला घेतलं अन् दुसऱ्याच सीझनला त्यानं त्या टीमला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत नेलं, जी टीम तीस वर्षं प्लेऑफची एक मॅच जिंकली नव्हती. वीत हा भोवरा आहे काका. अगदीच लहान असली तर अडचण येत असेल, पण पाव इंचावरून सौदा मोडायचा नसते.

तसंच ४० यार्डांचं. टॉम ब्रेडी २००० साली ती धाव ५.२८ सेकंदांत पळाला, म्हणजे लयच सावकाश, अन् मोजणीच्या वेळचा त्याचा फोटो पाहिला तर कोणी म्हणणार नाही हा खेळाडू आहे. सहाव्या फेरीत १९९ व्या नंबरला गेला, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. त्यानं सात सुपर बोल जिंकले. अन् बुद्धीची परीक्षाही होती, १२ मिनिटांत ५० प्रश्न, ती पुढं २०२२ पासून मोजणीतून काढूनच टाकली. पण टीमा अजून खाजगीत दुसऱ्या परीक्षा घेतात. २०२३ ला सी. जे. स्ट्राउडचे असल्या एका परीक्षेचे कमी मार्क ड्राफ्टच्या तोंडावर बाहेर फुटले अन् पोट्टा बदनाम झाला. तो दुसऱ्या नंबरला गेला, अन् त्याच सीझनला आक्रमणातला सगळ्यात चांगला नवा खेळाडू ठरला.

मग दात कोणते? तर तुम्ही जसं गोऱ्ह्याला बंडीला जुंपून, चढावर नेऊन पाहता, तसं या पोराला जुंपलेला पाहा लागते, म्हणजे त्याच्या कॉलेजच्या मॅचचे व्हिडिओ, अन् त्यातही जिंकलेल्या सोप्या मॅच नाही, ज्यात त्याच्यासमोरची भिंत, म्हणजे त्याला वाचवणारे त्याच्याच टीमचे गडी, पडून राहिली ते व्हिडिओ. मी जेव्हा पाहतो तेव्हा बॉलकडे पाहतच नाही, पायाकडे पाहतो. गडी अंगावर आल्यावर पोराचे पाय वेडेवाकडे नाचतात का, का दोन छोटी पावलं सरकून परत फेकायच्या तयारीत येतात. दुसरं म्हणजे नजर. पहिला माणूस मोकळा नसला तर नजर दुसऱ्याकडे जाते का, तिसऱ्याकडे जाते का, का लगेच खाली येऊन अंगावर येणाऱ्यांकडे जाते. नजर एकदा खाली गेली की तो क्वार्टरबॅक राहिला नाही, जीव वाचवणारा माणूस झाला. अन् यात एक आकडा आहे जो मला सगळ्यात खरा वाटते, तो म्हणजे दबाव आल्यावर किती वेळा हा पोट्टा बॉल घेऊन खाली पडला. कॉलेजात ही सवय असली तर ती बहुतेक वेळा पुढंही सोबतच जाते, कारण चूक समोरच्या भिंतीची वाटते पण बॉल धरून ठेवणारा हात त्याचाच असते.

कॉलेजातले मोठे आकडे फसवे का असतात तेही सांगतो. मोठ्या कॉलेजच्या टीमेत बॉल पकडणारे एवढे तेज असतात की अंगणभर मोकळे सुटतात, त्यांच्याकडे फेकणं कोणालाही जमते. व्यावसायिक लीगमध्ये मोकळा म्हणजे हातभर मोकळा, तोही अर्धा सेकंद. म्हणून व्हिडिओत मी ते बॉल मोजतो जे अरुंद जागेतून गेले, अन् ते, जे माणूस तिथं पोचायच्या आधीच हातातून सुटले होते.

अन् किती जुंपला आहे तेही पाहा लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमनं २०२१ ला तिसऱ्या नंबरला जाण्यासाठी पहिल्या फेरीतले तीन नंबर देऊन टाकले अन् ट्रे लान्सला घेतलं. पोट्टा तगडा, सुसाट, २०१९ च्या सीझनला २८ टचडाउन, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडं पोचून गुण देणारे बॉल, फेकले अन् एकही बॉल दुसऱ्याच्या हातात दिला नाही. पण कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच फक्त १७, अन् ड्राफ्टच्या आधीच्या वर्षी तर कोरोनामुळं एकच. पुढच्याच वर्षी त्याच टीमनं ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा नंबर वापरून ब्रॉक पर्डी घेतला, ज्याचा हात साधा, उंची साधी, पण आयोवा स्टेट कॉलेजात चार वर्षं रगडून खेळलेला. लान्स जखमी झाला, नंतर दुसऱ्या टीमला देऊन टाकला. पर्डी सुपर बोल खेळला अन् २०२५ ला पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार झाला त्याचा. त्या टीमेतले लोक मूर्ख नाहीत काका, क्वार्टरबॅक पारखण्यात चांगलं नाव आहे त्यांचं. पण १७ मॅचमध्ये पोराला किती प्रकारच्या अडचणी दिसल्या असतील? अर्ध्या हंगामात बैल बसते का उठते हे समजत नाही.

पण एक गोष्ट जुंपूनही दिसत नाही. १९९८ ला पेटन मॅनिंग पहिला गेला अन् रायन लीफ दुसरा. आज लोक म्हणतात की हे तर उघडच होतं, पण तेव्हा तसं नव्हतं, लीफचा हात जास्त ताकदीचा म्हणणारे जाणकार कितीतरी होते. पहिल्या वर्षी मॅनिंगनं २८ बॉल समोरच्यांच्या हातात दिले अन् टीम १६ पैकी १३ मॅच हरली. म्हणजे तोही रडत-पडतच होता. फरक त्यानंतर पडला. मॅनिंग प्रत्येक चुकीचा व्हिडिओ काढून बसला अन् पुढच्या वर्षी तीच टीम १३ मॅच जिंकली, लीफ लोकांशी भांडला, चिडला, अन् त्याचं करिअर १४ टचडाउन अन् ३६ चुकांवर संपलं. ही पारख मुलाखतीत करतात, पाठ केलेली उत्तरं ऐकतात अन् फसतात. माझं मत असं की पोराला नाही, त्याच्या कॉलेजच्या कपडे धुणाऱ्याला अन् बदली खेळाडूंना विचारा, हरलेल्या मॅचनंतर हा कसा वागते.

वणीहून कॉलेजातला एक वाचक: कापसाच्या शेतातला एक पोरगा तिकडं सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक झाला असं ऐकलं. खरं आहे का? आमच्या घरीही कापूसच आहे.

खरं आहे भावा, अन् ही गोष्ट मला स्वतःला लय जवळची वाटते. जॉश ॲलन. कॅलिफोर्नियातलं फायरबॉ नावाचं छोटं शेतीचं गाव, घरची मोठी शेती, त्यात कापूस, गहू, खरबूज. तिथली शेती आपल्यासारखी चार-पाच एकराची नसते, हजारो एकराची असते, त्यामुळं गरिबीची गोष्ट नाही ही, पण आडगावची नक्की आहे. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजनं त्याला बोलावलं नाही. तो जवळच्या रीडली नावाच्या ज्युनियर कॉलेजात खेळला, मग देशभरातल्या कोचना स्वतः ईमेल पाठवत बसला, अन् शेवटी वायोमिंग विद्यापीठानं घेतलं.

आता पारखीचा प्रश्न. वायोमिंगमध्ये त्याचे शंभरातले ५६ च बॉल बरोबर जागी पोचत होते. हे कमी आहे, लय कमी. आकडे पाहणारे सगळे म्हणत होते की कॉलेजात जो नेम धरू शकत नाही तो पुढं काय धरणार, अन् इतिहास त्यांच्या बाजूनं होता. व्हिडिओ पाहणारे म्हणत होते की एवढा मोठा देह, एवढी ताकद, पळता पळता पन्नास-साठ यार्ड फेकते, असा पोट्टा दहा वर्षांत एक येते. २०१८ ला बफेलोच्या टीमनं सातव्या नंबरला घेतला. पहिल्या वर्षी ५३ च्या आत, दुसऱ्या वर्षी ५९ च्या आत, अन् तिसऱ्या वर्षी, २०२० ला, सरळ ६९. एवढी उडी फार कमी जणांनी मारली आहे. २०२४ च्या सीझनचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू तोच.

काय झालं मधात? त्यानं सुट्टीत फेकायची पद्धत सुधारली, पायाचा अन् कमरेचा मेळ बसवला. टीमनं त्याच्यासाठी चाली लिहिणारा कोच तोच ठेवला, बदलला नाही. अन् २०२० ला स्टीफन डिग्ज हा पट्टीचा पकडणारा आणून दिला. आता त्याच ड्राफ्टमधला दुसरा जॉश पाहा, जॉश रोझन, दहाव्या नंबरला ॲरिझोनाकडे गेला. सगळे म्हणायचे फेकण्यात हाच सगळ्यात तयार. पहिल्याच सीझनच्या मधात त्याचा आक्रमणाचा कोच काढला, सीझन संपल्यावर मुख्य कोच काढला, अन् पुढच्या ड्राफ्टला टीमनं दुसराच क्वार्टरबॅक पहिल्या नंबरला घेऊन याला विकून टाकलं. रोझनमध्येही खोट असेल, मी नाही म्हणत नाही. पण तिसऱ्या नंबरला गेलेला सॅम डार्नॉल्डही न्यूयॉर्कमध्ये बुडाला होता, अन् टीमा बदलत बदलत २०२४ ला मिनेसोटात आला तेव्हा त्याच माणसानं १४ मॅच जिंकून दिल्या. वरुड-मोर्शीकडच्या माणसाला हे लगेच समजेल, कलम करताना संत्र्याचा डोळा कितीही चांगल्या झाडाचा आणला तरी तो बांधायचा जंबेरीच्या खुंटावर, अन् खुंटच सडका असला तर डोळ्याला दोष देता येत नाही. ड्राफ्टच्या आधी लोक फक्त डोळा तपासत बसतात.

पण भावा, एक सांगून ठेवतो. ॲलनचं नाव घेऊन दरवर्षी कोणीतरी ताकदवान पण नेम नसलेला पोट्टा वरच्या नंबरला घेतात अन् म्हणतात हाही सुधरेल. बहुतेक सुधरत नाहीत. ॲलन अपवाद आहे. आपल्याकडे खापरखेड्याचा उमेश यादव, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, लेदर बॉल हातात यायलाच उशीर झाला होता त्याला, तरी नुसत्या वेगावर निवडला गेला अन् विदर्भाकडून कसोटी खेळणारा पहिला ठरला. म्हणून वेग असलेला प्रत्येक पोट्टा उमेश होत नाही, पण वेग असलेल्या प्रत्येकाकडं कोणीतरी जाऊन पाहिलं तर पाह्यजे ना.

कारंजाहून: बुटका क्वार्टरबॅक चालते का?

चालते. ड्रू ब्रीज सहा फुटांचा, म्हणून पहिल्या फेरीतून खाली घसरला अन् पुढं सुपर बोल जिंकला. रसेल विल्सन पाच फूट अकराच्या आतला, तिसऱ्या फेरीत गेला, तोही जिंकला. २०१९ ला कायलर मरे अन् २०२३ ला ब्राइस यंग, दोघंही पाच फूट दहाचे, पहिल्या नंबरला गेले. उंची कमी असली तर भिंतीच्या फटीतून पाहायची जागा शोधा लागते, म्हणून पायाचं काम जास्त चोख पाह्यजे. बस एवढंच.

आरमोरीहून एक वाचक, जे शाळेत शिकवतात: सर, आमच्या भागातली पोरं पळण्यात, फेकण्यात कोणालाही ऐकत नाहीत, पण निवडीला गेली की बोली ऐकूनच बाजूला काढतात, म्हणतात हे पळू शकतात पण डोकं लावायचं काम यांचं नाही. तिकडं असं होते का?

होते सर. तिकडं ते रंगावरून झालं, अन् नेमकं याच जागेबाबत झालं. कित्येक वर्षं असं मानत होते की काळा पोरगा पळेल, पकडेल, पण क्वार्टरबॅक नाही, ते डोक्याचं काम. वॉरन मून १९७८ ला त्याच्या कॉलेजला रोझ बोल ही कॉलेजांची मोठी मॅच जिंकून देऊन आला होता अन् तरी ड्राफ्टच्या एकाही फेरीत त्याचं नाव कोणी घेतलं नाही. कॅनडात गेला, एडमंटनला पाच विजेतेपदं जिंकून दिली, मग परत येऊन अमेरिकेत खेळला अन् हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला डग विल्यम्स १९८८ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक झाला. तुम्हाला वाटेल ही जुनी गोष्ट, तर २०१८ ला लामार जॅक्सनला, ज्याला कॉलेजचा सगळ्यात मोठा हाइझमन पुरस्कार भेटला होता, मोठमोठे जाणकार टीव्हीवर सांगून राहिले होते की यानं फेकणं सोडून पकडणारा व्हावं. तो ३२ व्या नंबरला, म्हणजे पहिल्या फेरीत सगळ्यात शेवटी गेला. दुसऱ्याच सीझनला तो एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, २०२३ ला परत झाला. सुपर बोलमध्ये दोन्हीकडून काळे क्वार्टरबॅक असं पहिल्यांदा कधी झालं माहीत आहे? २०२३ च्या फेब्रुवारीत.

तुमचं पत्र वाचून मला झोप लागली नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कबड्डीच्या एका निवड चाचणीत मी टेबलावर बसलो होतो. एक पोट्टा आला, लांबच्या पाड्यावरून, आदल्या रात्री एसटीत बसून. वजन दोन किलो कमी भरलं. मॅटवर न उतरवताच परत पाठवला. मी कागदावर सही केली, मी बोललो नाही. त्याची एकही रेड कोणी पाहिली नाही. तेव्हापासून मी निवडीला बसलो की पहिले खेळायला लावतो अन् काटा नंतर, अन् सर, तुमच्या शाळेची पोरं ज्या चाचणीला जातील तिथं तुम्ही एवढंच मागा, लेखी मागा, की मोजणीच्या आधी प्रत्येकाला दहा मिनिटं खेळवा.

वरुडजवळच्या एका गावातून एक ताई: माझी पोरगी चौदा वर्षांची, भाला चांगला फेकते. फ्लॅग फुटबॉल ऑलिम्पिकमध्ये आला म्हणतात, तिच्यासाठी काही आहे का त्यात?

आला ताई, अन् तो निर्णय आपल्या मुंबईतच झाला, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑलिम्पिक समितीची बैठक तिथं भरली होती, क्रिकेटसोबतच तोही घेतला. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये पोरींचीही स्पर्धा आहे. पाच-पाच जणी, अंगावर पडायचं नाही, बॉल घेऊन पळणारीच्या कमरेला लावलेली पट्टी ओढली की चाल तिथंच थांबते. त्यामुळं देह मोठा पाह्यजे असं काही नाही, अन् क्वार्टरबॅक तिथंही आहेच.

भाला फेकणाऱ्या पोरीचा खांदा अन् कमरेचा झोक तयार असते, ते कामाला येईल. पण भाल्यात लांब धाव घेऊन पूर्ण ताकद लावा लागते, इथं जागच्या जागी दीड पावलात सोडा लागते, म्हणून पहिले लांब फेकायला लावूच नका. मोठ्यांचा बॉल चारशे ग्रॅमच्या थोडा वर असते, तिच्यासाठी लहान मापाचा मिळाला तर तो घ्या, ऑनलाइन भेटतात. शिवणीवर बोटं, बॉल सुटताना फिरकी बसली पाह्यजे, हवेत डुलला नाही पाह्यजे. खळ्यात दहा पावलांवर टायर टांगा अन् त्यातून काढायला सांगा, जमलं की भावाला टायर ओढत आडवा पळायला लावा, अन् ते जमलं की दुसऱ्या भावाला तिच्या अंगावर धावून यायला सांगा. तेव्हा तिची नजर टायरवर राहते का भावावर जाते ते पाहा, अन् महिन्याभरानं मला लिहून कळवा.